"देवाच्या नजरेत तू सुंदर आहेस" हे उत्तर पुरेसं आहे का?

निशिगंध

मंडळीत (चर्चमध्ये) किशोरवयीन मुलामुलींचा वर्ग घेणाऱ्या प्रत्येकाकडे हा प्रश्न कधी ना कधी येतोच: "देवाने मला असं का बनवलं?" कुणाला स्वतःचं नाक खुपतं, कुणाला वजन, कुणाला चेहऱ्यावरची जन्मखूण. आपलं उत्तर तयार असतं. देवाच्या नजरेत तू सुंदर आहेस, आणि सोबत स्तोत्र १३९ चं चौदावं वचन: माझी घडण अद्भुत आहे म्हणून मी तुझं स्तवन करतो.

मला हे उत्तर अपुरं वाटतं. विचारणाऱ्याला लगेच कळतं की आपण बगल दिली. वर्गात, फोटोत, मैत्रीत त्याला जे सोसावं लागतं ते माणसांच्या नजरेमुळे, देवाच्या नव्हे. आणि त्याहून जास्त मला खटकतं ते हे की या उत्तरात आपण एक गोष्ट गुपचूप मान्य करून टाकतो: मोल असायचं तर सुंदर असावंच लागतं. फक्त परीक्षक बदलतो.

उत्पत्ति १:२७ मध्ये देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपात निर्माण केलं असं आहे. तिथे उंची, रंग, बांधा यांचा उल्लेखही नाही. पुढे ९:६ मध्ये माणसाचा जीव घेणं एवढं गंभीर का, तर तो देवाच्या प्रतिरूपात आहे म्हणून. याकोब ३:९ मध्ये माणसाला शाप का देऊ नये, तर त्याच कारणासाठी. मोलाचं कारण द्यायची वेळ येते तेव्हा शास्त्र रूपाकडे वळतच नाही.

मग सौंदर्याचं करायचं काय? ते आहे, सगळ्यांना दिसतं, आणि सगळ्यांना सारखं मिळालेलं नाही. वचनं, अनुभव, विरोध, सगळं लिहा.

कमळपान

धागा आवडला, पण स्तोत्र १३९ वर्गातून काढू नका. आपण चौदावं वचन एकटं उचलतो तिथे घोटाळा होतो. अख्खं स्तोत्र वाचलं तर ते दिसण्याबद्दल नाहीच. ते ओळखलं जाण्याबद्दल आहे. माझं बसणं-उठणं तुला ठाऊक आहे, शब्द जिभेवर यायच्या आधी तुला कळतो, मी अंधारात लपलो तरी तुझ्यापासून लपत नाही. मग तेराव्या वचनापासून गर्भातल्या घडणीचं वर्णन येतं. तिथे हाडं आहेत, अजून आकार न आलेलं शरीर आहे. चेहरा अजून कुणी पाहिलेलाही नाही, आणि त्याच्या आधीपासून देव त्याला ओळखतो.

मुलांना हे सांगितलं तर बगल दिल्यासारखं वाटणार नाही.

रविवारची_घंटा

अनेक वर्षं संडे स्कूल घेतल्यामुळे माझा आवडता उतारा १ शमुवेल १६. संदेष्टा शमुवेल नवा राजा निवडायला इशायाच्या घरी जातो, त्याच्या थोरल्या मुलाला, अलियाबला पाहतो आणि मनात ठरवूनच टाकतो की हाच राजा. देव त्याला थांबवतो: याच्या रूपाकडे, उंचीकडे पाहू नकोस, मनुष्य बाहेरचं पाहतो, परमेश्वर हृदय पाहतो.

हे वचन सगळ्यांना पाठ असतं. फसला कोण हे मात्र कुणी फारसं बोलत नाही. फसला तो संदेष्टा! ज्याने लहानपणी देवाची हाक ऐकली, ज्याने आयुष्यभर इस्राएलाचा न्याय केला, तो शमुवेल. आणि त्याला अनुभव नव्हता असंही नाही. आधीचा राजा शौल इतरांपेक्षा खांद्यापासून वर उंच होता, देखणा होता (९:२), त्याचं पुढे काय झालं हे शमुवेल रडत रडत पाहून आला होता. तरी अलियाबला पाहून डोळे दिपलेच. म्हणून मी मुलांना सांगते की ही सवय फार खोल आहे, ती आपोआप जाणार नाही.

दावीद राजाच्या मुलाचं, अबशालोमाचंही सांगायला हवं. तळपायापासून टाळूपर्यंत त्याच्यात खोट नव्हती (२ शमुवेल १४:२५), आणि शेवट एला झाडाच्या फांद्यांत डोकं अडकून. वर्गातल्या एका चिमुरड्याने विचारलं होतं, "बाई, त्याने वेळेवर केस कापले असते तर वाचला असता ना?" अख्खा वर्ग हसला आणि मीही हसले. पण खरं तर तो केस कापायचा, त्यांचं वजनही शास्त्रात दिलंय, २०० शेकेल (तेव्हाचं वजनाचं माप). :)

सरळसोट

@रविवारची_घंटा, १६:१२ पण वाचा. इशायाचा धाकटा मुलगा दावीद आत येतो तेव्हा लिहिलंय की तो तांबूस वर्णाचा, सुंदर डोळ्यांचा, देखणा होता. म्हणजे पाच वचनांपूर्वी रूपाकडे पाहू नकोस, आणि निवड झाली ती देखण्याचीच. मुलं हे पकडतात. पकडली तर काय सांगायचं?

रविवारची_घंटा

@सरळसोट, पकडतात, आणि पकडावंच. मी सांगते की देवाला देखणेपणाशी वैर नाही. दावीद देखणा होता म्हणून निवडला गेला नाही, आणि देखणा आहे म्हणून नाकारलाही गेला नाही. त्याच्या घरच्यांनी तर त्याला बोलावलंही नव्हतं, मेंढरांकडे ठेवलं होतं. आपल्याकडे कधी कधी उलटी चूक होते, साधं दिसणं म्हणजे मन चांगलं आणि देखणं म्हणजे गर्विष्ठ. तोही बाहेरूनच केलेला न्याय.

प्रश्नचिन्ह

मी श्रद्धावान नाही, पण धागा मनापासून वाचतोय. तुमच्या मांडणीला एक मोठी अडचण आहे आणि तिचं उत्तर मला खरंच हवंय. लेवीय २१:१६ ते २३. अहरोनाच्या, म्हणजे याजकांच्या, वंशातला जो आंधळा, लंगडा, विद्रूप चेहऱ्याचा, कुबडा, खुजा असेल त्याने वेदीजवळ येऊ नये. हे देवाच्या तोंडी आहे. शरीरावरून माणूस दूर ठेवण्याचा याहून स्पष्ट नियम कुठला? प्रतिरूपाचा सिद्धांत तेव्हा कुठे गेला?

निशिगंध

@प्रश्नचिन्ह, योग्य जागी बोट ठेवलंत. यावर @मेंढपाळ यांनी लिहावं असं वाटतं.

मेंढपाळ

लिहितो. पाळक म्हणून हा उतारा मी उपदेशात घेतला आहे, आणि तो सोपा नाही.

त्यात जे आहे ते आधी नीट पाहू. व्यंग असलेला माणूस याजकच राहतो. बाविसावं वचन सांगतं की तो देवाची भाकर खाईल, पवित्रही आणि परमपवित्रही. ही भाकर सामान्य इस्राएली माणसाला मिळत नसे. म्हणजे त्याला अपवित्र किंवा कमी प्रतीचा ठरवलेलं नाही. वेदीवर अर्पण होणारा पशू जसा निर्दोष हवा, तसा अर्पण करणाराही, ही त्या मंदिराची चिन्हांची भाषा होती. सगळंच पूर्णत्वाकडे बोट दाखवणारं.

पण मी इथेच थांबलो तर ती पळवाट होईल. ज्याला वेदीपासून लांब उभं राहावं लागलं त्याला "हे फक्त चिन्ह आहे" याने काय दिलासा मिळाला असेल? मला ते बोचतं. शास्त्रातच पुढे हे बोचणं दिसतं असं माझं मत आहे. यशया ५६ मध्ये षंढ म्हणतो, मी तर शुष्क झाड. देव त्याला उत्तर देतो की माझ्या मंदिरात, माझ्या भिंतींच्या आत मी तुला पुत्र आणि कन्या यांहून उत्तम नाव देईन. आणि मत्तय २१:१४. येशू मंदिर शुद्ध करतो, सराफांचे चौरंग उलथतो, आणि लगेच पुढच्या वाक्यात आंधळे-लंगडे मंदिरात त्याच्याजवळ येतात. लेवीयाच्या यादीत पहिली दोन नावं हीच आहेत, आंधळा आणि लंगडा. मत्तयाने हे वाक्य तिथे उगाच ठेवलेलं नाही.

ख्रिस्ती माणूस लेवीय २१ या शेवटापासून मागे वाचतो. तुम्हाला हे पटेलच असं नाही.

प्रश्नचिन्ह

@मेंढपाळ, अर्धं पटलं. भाकरीचा मुद्दा मला माहीत नव्हता. लांब उभ्या राहिलेल्या माणसाबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्याबद्दल आभार.

उंबरठा

लिहू की नको असा विचार करत होते. लहानपणी भाजल्यामुळे माझ्या चेहऱ्याची एक बाजू आणि मान व्रणांनी भरलेली आहे. मंडळीत मला दोन प्रकारची माणसं भेटली. काही नजर चुकवायची. काही हात धरून सांगायची, "तू आतून किती सुंदर आहेस." दुसरी माणसं प्रेमळ होती हे मला ठाऊक आहे. पण ओळख व्हायच्या आधी, पहिल्याच भेटीत माझं अंतःकरण त्यांना कसं दिसलं? चेहरा पाहून त्यांना काहीतरी भरपाई द्यावीशी वाटली, इतकंच.

मला सुंदर म्हणवून घ्यायचं नाही. बाहेरून नाही, आतूनही नाही. "आतलं सौंदर्य" हीसुद्धा एक परीक्षाच झाली की. ज्या दिवशी मी चिडलेली, कडवट, मत्सरी असते त्या दिवशी माझं मोल कमी होतं का? निशिगंध यांनी परीक्षक बदलण्याबद्दल लिहिलंय, मी म्हणेन परीक्षाच नको.

मला कशाने बळ दिलं ते सांगते. एका बाईंनी मला आराधनेत पुढे उभं राहून शास्त्रपाठ वाचायला सांगितलं. का, ते सांगितलं नाही. माझा उच्चार स्वच्छ आहे, बास. लोकांनी माझ्याकडे पाहिलं ते काहीतरी ऐकण्यासाठी. त्या दिवशी योहान २० होता. पुनरुत्थित येशू आपल्या शिष्याला, थोमाला म्हणतो, तुझं बोट इकडे कर, माझे हात पाहा. मरणावर जय मिळवलेल्या शरीरावर खिळ्यांच्या खुणा आहेत. देवाला त्या पुसता आल्या असत्या. ठेवल्या.

कमळपान

@उंबरठा, "परीक्षाच नको" हे फार खोल आहे. मी हे वर्गात सांगणार, तुमची परवानगी असेल तर.

उंबरठा

@कमळपान, सांगा की.

आकडेमोड

माणसांच्या नजरेबद्दल थोडं, कारण मूळ धाग्यात तो मुद्दा आहे. १९२० मध्ये एडवर्ड थॉर्नडाईक या मानसशास्त्रज्ञाने लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले शेरे तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य हे वेगवेगळे गुण, पण शेरे एकमेकांशी नको तितके जुळत होते. एका गुणाची छाप बाकीच्यांवर पडते. १९७२ मध्ये डायन, बर्शाइड आणि वॉल्स्टर यांनी लोकांना फोटो दाखवले, तर देखण्या चेहऱ्यांच्या माणसांचा स्वभावही चांगला असेल आणि आयुष्यही सुखाचं जाईल असं लोकांनी गृहीत धरलं. १९९४ मध्ये हॅमरमेश आणि बिडल या अर्थतज्ज्ञांना आढळलं की साध्या दिसणाऱ्यांना पगारही कमी मिळतो.

म्हणजे ज्या मुलाला वाटतं की रूपामुळे आपल्याला वेगळं वागवलं जातं, त्याला भास होत नाहीये. त्याला "असं काही नसतं" म्हणणं हे खोटं बोलणं आहे.

याकोब २ मध्ये सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला "तिकडे उभा राहा" असा प्रसंग आहे. तो श्रीमंतीबद्दल आहे खरा, पण याकोब त्याला नाव देतो पक्षपात, आणि सरळ पाप म्हणतो. कपड्यांच्या जागी चेहरा ठेवा. आपल्या मंडळीत दाराशी स्वागताला कोण उभं असतं?

सरळसोट

@आकडेमोड, दार सोडा, कॅमेरा बघा. आराधनेचं थेट प्रक्षेपण सुरू झाल्यापासून कॅमेरा गायनमंडळातल्या त्याच दोन-तीन चेहऱ्यांवर रेंगाळतो. मागच्या रांगेतल्या, उत्तम गाणाऱ्या वयस्क बाई महिनोन् महिने दिसत नाहीत. कुणी ठरवून केलेलं नाही, हे मला मान्य आहे. पण ठरवून केलं नाही तर बदलणारही नाही.

गंधर्ववेल

मी थोडी विरोधात लिहिते. धागा हळूहळू असा वळतोय की सौंदर्य हीच अडचण आहे. शरीराला इतकं खाली ढकलू नका. गीतरत्न शास्त्रात आहे, आणि त्यात डोळे, केस, दात, मान, सगळ्याचं कौतुक आहे, लाज न बाळगता. याजकाची वस्त्रं "गौरवासाठी आणि शोभेसाठी" करायला सांगितली आहेत, निर्गम २८:२. शोभा देवानेच मागितली.

माझ्या नवऱ्याने मला सुंदर म्हटलं की मला आनंद होतो. हा आनंद उथळ आहे असं मला कुणी सांगू नये. ज्या मुलीला सुंदर दिसावंसं वाटतं तिला "त्याने काही फरक पडत नाही" म्हणणं हेही बगल देणंच आहे. तिला जे हवंय ते वाईट नाही.

निशिगंध

@गंधर्ववेल, तुमचा विरोध मोलाचा आहे. मला सौंदर्य दूर सारायचं नाही. मला ते मोलापासून वेगळं करायचं आहे. गोड गळा हे दान आहे, ज्याला मिळालं त्याने गावं, ऐकणाऱ्याने आनंद घ्यावा. पण बेसूर माणूस कमी माणूस आहे असं कुणी म्हणत नाही. चेहऱ्याच्या बाबतीत मात्र आपण तसं वागतो, कारण चेहरा आणि माणूस वेगळे करणं कठीण जातं. गाणं थांबवता येतं, चेहरा सतत सोबत असतो.

गंधर्ववेल

@निशिगंध, हे मान्य. पण नीतिसूत्रे ३१:३० चा उपदेश करताना "लावण्य व्यर्थ" एवढंच मुलींच्या डोक्यात घालतात आणि मुलांना त्या दिवशी काहीच सांगत नाहीत, त्याबद्दलही कुणीतरी लिहा. तो अध्याय एका आईने आपल्या मुलाला, राजाला, शिकवलेल्या वचनांनी सुरू होतो. म्हणजे त्याने काय पाहावं हे त्याला सांगितलंय.

रविवारची_घंटा

+१. हा मुद्दा फार क्वचित ऐकायला मिळतो.

चारओळी

एक व्यावहारिक प्रश्न. १ पेत्र ३:३ मध्ये केस गुंफणं, सोनं, उंची वस्त्रं ही बाहेरची शोभा नको असं आहे. मग मेकअपचं काय? दात सरळ करून घेणं? व्रणांवरची शस्त्रक्रिया? आमच्या अभ्यासगटात यावरून बराच वाद झाला. एक जण म्हणाला, देवाने दिलेल्या चेहऱ्यात फेरफार म्हणजे देवाला नावं ठेवणं.

परिचारिका_ताई

@चारओळी, त्या सद्गृहस्थांना डॉ. पॉल ब्रँड यांच्याबद्दल सांगा. मिशनरी आईवडिलांच्या पोटी १९१४ साली भारतात जन्म, १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यचिकित्सक. कुष्ठरोगात मज्जातंतू निकामी होतात, स्नायू लुळे पडतात आणि बोटं वाकून पंजासारखी होतात. त्यांनी चांगल्या स्नायूंचे कंडरे (स्नायू हाडाला जोडणारे दोर) वळवून ती बोटं पुन्हा चालती केली. मग लक्षात आलं की हात बरा झाला तरी चेहरा पाहून लोक जवळ येऊ देत नाहीत. म्हणून बसलेली नाकं उभारणं आणि गेलेल्या भुवया परत लावणं हेही काम झालं. भुवईमुळे नजर काही जास्त चांगली होत नाही. पण भुवई आली की माणूस परत माणसांत जाऊ शकतो.

हे देवाला नावं ठेवणं आहे का? रोग्याचं मोल भुवईने वाढलं नाही, ते आधीच पूर्ण होतं. पूर्ण होतं म्हणूनच एका निष्णात शल्यचिकित्सकाने त्याच्या भुवईसाठी वेळ काढला.

पेत्राचं वचन मी असं वाचते की बाहेरच्या शोभेवर भिस्त ठेवू नका. तिथे वस्त्रांचाही उल्लेख आहे, आणि पेत्र वस्त्र घालू नका असं नक्कीच म्हणत नाही.

आरसा_नको

दुसऱ्या बाजूने लिहिते. मी लहानपणापासून "काय देखणी पोर आहे" हे ऐकत वाढले. हे दुःख उंबरठा यांच्या दुःखाच्या पासंगालाही पुरणार नाही, हे आधीच सांगते. पण ते आहे.

मी काहीही मिळवलं तरी त्याचं श्रेय चेहऱ्याला गेलं. मैत्रिणी सावध राहायच्या. मंडळीत एका वडीलधाऱ्यांनी माझ्यासमोर डुकराच्या नाकातल्या नथीचं वचन (नीतिसूत्रे ११:२२, तारतम्य नसलेल्या सुंदर स्त्रीबद्दलचं) म्हटलं, मी छान कपडे घातले होते एवढ्यावरून. नंतर एका दीर्घ आजारात केस गेले, चेहरा सुजला. तेव्हा मला भीती वाटली ती मरणाची नाही, ही की आता माझ्याकडे उरलंय काय. इतकी वर्षं सगळ्यांनी एकाच गोष्टीचं कौतुक केलं होतं, आणि तीच गेली.

त्या दिवसांत २ करिंथ ४:१६ मी रोज वाचायचे. बाहेरचा माणूस क्षय पावत असला तरी आतला दिवसेंदिवस नवा होतो. कौतुक करायचंच तर मुलांच्या दहा गोष्टींचं करा, एका चेहऱ्याचं नको.

परिचारिका_ताई

@आरसा_नको, असे रुग्ण मी पाहिलेत. लिहिलंत ते बरं केलंत.

प्रश्नचिन्ह

अवांतर: येशू स्वतः दिसायला कसा होता याबद्दल शुभवर्तमानांत काहीच कसं नाही? चित्रांत तर कायम देखणा.

मेंढपाळ

@प्रश्नचिन्ह, एक शब्दही नाही. जक्कय ठेंगणा होता हे लूक सांगतो, येशूची उंची सांगत नाही. यावर पहिल्या काही शतकांत मोठा वाद झाला. सेल्सस नावाच्या टीकाकाराने हिणवलं की याच्यात देव असता तर शरीर असं सामान्य, कुरूप कसं असतं. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने त्याला सविस्तर उत्तर दिलं. यशया ५३:२ मध्ये सेवकाला (ज्याच्यात ख्रिस्ती लोक येशूला पाहतात) रूप नव्हतं, शोभा नव्हती असं आहे हे त्याने मान्य केलं, आणि स्तोत्र ४५ मधल्या सुंदर राजाचीही आठवण दिली. पुढे काहींनी एक वचन धरलं, काहींनी दुसरं.

सेल्ससची अपेक्षा पाहा. देव यायचा तर देखणा, उंच, डोळ्यांत भरणारा. शमुवेलाला अलियाबकडे पाहून तेच वाटलं होतं.

रंगपेटी

चित्रांचा विषय निघाला म्हणून. सगळीच चित्रं देखणी नाहीत. जर्मन चित्रकार मत्तियास ग्रुनेवाल्डने १५१२ ते १५१६ च्या सुमारास इझेनहाइमच्या मठासाठी वेदीचित्र केलं, ते आता फ्रान्समधल्या कोल्मारला आहे. तो मठ अँथनीच्या संन्याशांचा, आणि तिथे "संत अँथनीचा अग्नी" या रोगाच्या रुग्णांची सेवा होत असे. बुरशी लागलेल्या धान्यामुळे हा रोग व्हायचा. अंगाची आग, कातडीवर विकार, हातपाय कुजून गळून पडणं. ग्रुनेवाल्डच्या वधस्तंभावरच्या ख्रिस्ताची कातडी जखमांनी भरलेली आहे, रंग हिरवट, बोटं वेडीवाकडी ताठरलेली. त्या रुग्णांना आपल्यासारख्या देहाचा प्रभू समोर दिसत होता. मी छपाईत पाहिलं तरी बराच वेळ पान उलटवेना.

प्रश्नचिन्ह

@रंगपेटी, शोधून पाहिलं. हादरलो.

आता मूळ विषयावर माझा आक्षेप. सर्व माणसं समान प्रतिष्ठेची हे १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात देवाचं नाव न घेता लिहिलं आहे. मलाही ते पटतं. मग प्रतिरूप कशाला लागतं?

मेंढपाळ

@प्रश्नचिन्ह, तुम्हाला ते मनापासून पटतं याबद्दल मला शंका नाही, आणि अनेक अश्रद्ध माणसं आमच्यातल्या कित्येकांहून चांगली वागतात. माझा प्रश्न एवढाच की समान कशात? रूपात नाही, बुद्धीत नाही, बळात नाही, उपयोगात नाही. मोजता येईल अशा प्रत्येक गोष्टीत आपण असमान आहोत. म्हणून मला मोल अशा ठिकाणी असायला हवं जिथे मोजमाप पोहोचत नाही. मला ते निर्माणकर्त्याच्या नात्यात दिसतं.

आणि ते फक्त तत्त्व राहिलं नाही. चौथ्या शतकात, साधारण ३७० च्या सुमारास, बेसिल नावाच्या बिशपने कैसरिया (आजच्या तुर्कस्तानातलं) शहराबाहेर गरीब आणि रोगी लोकांसाठी मोठी वसाहत उभारली. चेहरे झडलेल्या महारोग्यांना तिथे जागा होती. त्याचा मित्र ग्रेगरी सांगतो की बेसिल स्वतः त्यांना भाऊ म्हणून आलिंगन द्यायचा. त्या काळी लोक त्यांना नगरातून हाकलत.

प्रश्नचिन्ह

@मेंढपाळ, "समान कशात" यावर विचार करतो. माझं उत्तर अजून वेगळं आहे, पण प्रश्न चुकीचा नाही.

कमळपान

लेआबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून! उत्पत्ति २९. राहेल सुडौल आणि सुंदर, तिची थोरली बहीण लेआ हिचे डोळे अधू. याकोबाला राहेल हवी असते, पण बाप फसवून लेआचं लग्न त्याच्याशी लावतो, नवरा सकाळी उठून तक्रार करतो. आणि एकतिसावं वचन: लेआ नावडती आहे हे परमेश्वराने पाहिलं. तिच्या वंशात लेवी, म्हणजे याजक, आणि यहूदा, म्हणजे दावीद आणि ख्रिस्त.

उंबरठा

@कमळपान, लेआ मलाही जवळची आहे, पण ही गोष्ट "शेवटी तिला मोठं बक्षीस मिळालं" अशी सांगू नका. पहिल्या मुलाच्या वेळी ती म्हणते की आता तरी नवरा माझ्यावर प्रेम करेल, दुसऱ्याच्या वेळी आपण नावडती असल्याचं बोलते, तिसऱ्याच्या वेळी म्हणते की आता तरी नवरा मला जडून राहील. त्याने केलं का? शास्त्र ते सांगत नाही. चौथ्या वेळी, यहूदाच्या जन्माच्या वेळी, ती नवऱ्याचं नावच घेत नाही. आता मी परमेश्वराचं स्तवन करीन, एवढंच. दुःख गेलं नाही, तिचं तोंड दुसरीकडे वळलं. मला ही लेआ जास्त खरी वाटते.

पाऊलखुणा

नमस्कार, मी सतरा वर्षांचा आहे, बहुतेक इथे सगळ्यांत लहान. तुम्ही "मुलांना काय सांगावं" असं म्हणताय म्हणून लिहितो. माझ्या चेहऱ्यावर खूप मुरुमं आहेत, खड्डे पडलेत. मला "तू सुंदर आहेस" असं सांगितलं की मी मान हलवतो आणि विषय संपवतो.

आकडेमोड यांनी लिहिलंय ना, की हा भास नाही, खरंच वेगळं वागवतात? ते वाचून मला हलकं वाटलं. कुणीतरी मोठ्या माणसाने पहिल्यांदा "हो, असं होतं आणि ते चूक आहे" म्हटलं. देवाबद्दलचं त्यानंतर ऐकायला मी तयार असतो. आधी नाही.

आणि डॉक्टरकडे जायला सांगा. मला बरेच महिने वाटत होतं की औषध घेणं म्हणजे विश्वास कमी.

परिचारिका_ताई

@पाऊलखुणा, औषध जरूर घे, आणि मध्येच बंद करू नकोस. मुरुमांच्या औषधांना परिणाम दिसायला आठवडे लागतात. फोडू नकोस, त्यानेही खड्डे पडतात.

निशिगंध

@पाऊलखुणा, मला हवं होतं ते तू दिलंस. पुढच्या वर्गात क्रम असाच ठेवते. आधी मुलांना बोलू द्यायचं, काय ऐकावं लागतं ते. मग याकोब २, म्हणजे चूक कुणाची हे स्पष्ट. मग १ शमुवेल १६, बाराव्या वचनापर्यंत, देखण्या दावीदासकट. प्रतिरूप त्यानंतर. @उंबरठा, लेआचा पाठ तुम्ही घ्याल का?

उंबरठा

@निशिगंध, घेईन. मुलामुलींना एकत्र बसवा मात्र.

मेंढपाळ

@सरळसोट, कॅमेऱ्याचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. १ करिंथ १२:२३ (शरीराच्या कमी मानाच्या वाटणाऱ्या अवयवांना अधिक मान देण्याबद्दलचं वचन) घेऊन वडीलजनांच्या सभेत विषय मांडतो. शास्त्रपाठ आणि प्रार्थनेसाठी नावांची पाळी लावू, म्हणजे कुणाला पुढे बोलवायचं हे दर रविवारी कुणाच्या डोळ्यांवर राहणार नाही. कॅमेरा सांभाळणाऱ्या मुलांशी तुम्हीच बोला. ती तुमचं ऐकतात.